कृश देहातील मेद

(तेर येथे ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित शब्दांत केला आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी थेट विषयाकडे वळतो. संयोजकांनी मला ‘आहार आणि आरोग्य’ हा विषय दिला होता. तो फार विस्तृत असल्याने त्यातील एकच भाग मी निवडला आहे. स्थूलता आणि आहारविकार या दोन अवस्थांत शरीरातील चयापचय कसा बिघडतो, याविषयी आज बोलावयाचे आहे. चयापचय म्हणजे सेवन केलेल्या अन्नाचे शरीरात होणारे रूपांतर, त्याचा साठा आणि त्याचा व्यय. धर्मसभेत आहाराचा विचार बहुधा भक्ष्य आणि अभक्ष्य यांच्या अंगाने होतो, आणि त्याबाबत आपला समाज पुरेसा जागरूक आहे. मला सांगावयाचे आहे ते निराळे. शरीर केवळ खाल्लेल्या अन्नाचा नव्हे, तर सोसलेल्या भुकेचाही हिशेब ठेवते. हा हिशेब मातेच्या उदरातच सुरू होतो.

स्थूल मनुष्य म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पोट सुटलेला, खाण्याची आवड असलेला, श्रम टाळणारा गृहस्थ उभा राहतो. मधुमेह हा अशा माणसाचा रोग, अशी समजूत अजूनही दृढ आहे. परंतु आपल्या भागातील कोणत्याही दवाखान्यात मधुमेहाच्या रांगेत बसलेली माणसे पाहावीत. त्यांत कितीतरी जण अंगाने सडपातळ, हातपाय काटकुळे, आयुष्यभर शेतात राबलेले असतात. ‘डॉक्टर, मी तर कधी लठ्ठ नव्हतो, मला साखर कशी झाली?’ हा त्यांचा प्रश्न रास्त असतो. या प्रश्नाचा सर्वांत चिकाटीचा शोध आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या खेड्यांत घेतला गेला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुणे परिसरातील सहा खेड्यांत हे काम हाती घेतले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल त्यात सहभागी होत्या. अभ्यासाची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. गर्भवती स्त्रिया रुग्णालयात येण्याची वाट न पाहता शेतकरी कुटुंबांतील विवाहित स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच नोंद करण्यात आली. त्यांची उंची, वजन, आहार आणि कामाचे तास नोंदले गेले. गर्भ राहिल्यावर प्रसूतीपर्यंत त्यांचा पाठपुरावा झाला, बाळ जन्मताच त्याची मोजमापे घेतली गेली, आणि ती मुले मोठी होईपर्यंत, पुढे त्यांना मुले होईपर्यंत संशोधकांनी हा धागा सोडला नाही.

त्या माता सरासरी २१ वर्षांच्या, सुमारे १५२ सेंटिमीटर उंचीच्या आणि गर्भधारणेपूर्वी सुमारे ४२ किलो वजनाच्या होत्या. त्यांच्या पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, तर साउदॅम्प्टनमधील बालकांचे ३.५ किलो. येथपर्यंत आश्चर्य काही नाही. परंतु बाळाच्या पाठीवर खांद्याच्या हाडाखालची त्वचा चिमटीत धरून तिची जाडी मोजली, तेव्हा उलगडा झाला. त्वचेखालील मेद याच जाडीवरून कळतो. वजनात पाचव्या हिश्श्याहून अधिक उणी असलेली ही बालके या मेदात त्या मानाने फारच थोडी उणी होती. उणीव पडली होती ती स्नायूंत आणि पोटातील अवयवांत. शास्त्रीय लेखनात या बालकाला ‘कृश-स्थूल’ बालक असे नाव मिळाले. पुणे आणि लंडन येथील नवजात बालकांच्या नाळेतील रक्त तपासले, तेव्हा वजनाने लहान असूनही आपल्या बालकांच्या रक्तात इन्सुलिन अधिक आढळले. मधुमेहाकडे जाणारी वाट जन्माच्या दिवशीच आखली जात होती, असा याचा अर्थ.

याचे कारण असे की, उदरातील गर्भाला पोषण कमी पडू लागले म्हणजे तो काटकसर करतो. प्रथम मेंदूला पुरवठा, मग अल्पसा मेद, आणि कपात करावयाची ती स्नायू, यकृत, मूत्रपिंड आणि स्वादुपिंड यांत. दुष्काळात शहाणा शेतकरी बियाणे आणि दुभते जनावर राखतो व बाकीचे विकतो, तसेच हे. संकट टळेपर्यंत ही युक्ती उपयोगी पडते. परंतु तेच मूल पुढे तालुक्याच्या गावी बैठ्या कामाला लागले, पोटभर गोडधोड खाऊ लागले, की रक्तातील साखर शोषून घेणारे स्नायू कमी, इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचे भांडवल तोकडे, अशी त्याची स्थिती होते. मग जादा अन्न पोटातील अवयवांभोवती आणि यकृतात मेदाच्या रूपाने साठते. हातपाय मात्र बारीकच राहतात.

याज्ञिक यांनी हे स्वतःच्या देहावरूनही दाखवले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंची आणि वजन यांच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा देहभार निर्देशांक, ज्याला आपण सर्वजण ‘बीएमआय’ म्हणतो, तो दोघांचाही २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! वजनकाट्याने दोघांना एकच प्रमाणपत्र दिले असते. म्हणून सभागृहातील बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, काट्याइतकाच शिंप्याच्या टेपावर विश्वास ठेवावा. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर वजन कितीही बेताचे असले तरी साखर तपासून घ्यावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत, आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

गर्भावस्थेतील उपासमारीचे परिणाम युरोपातही पाहिले गेले आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मन नाकेबंदीमुळे पश्चिम हॉलंडमध्ये भीषण अन्नटंचाई झाली. त्या काळात गर्भात असलेले मुलगे १९ व्या वर्षी सैन्यभरतीसाठी तपासले गेले. गर्भावस्थेच्या पूर्वार्धात ज्यांच्या मातांनी उपासमार सोसली होती, त्यांच्यात स्थूलतेचे प्रमाण अधिक निघाले. हे निष्कर्ष १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आता आपल्या भागाकडे पाहा. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथील ज्येष्ठांना सांगावयास नको. खडी फोडण्याची कामे, सुकडी आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी त्यांनी पाहिली आहे. त्या वर्षी मातेच्या उदरात असलेली बालके आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. ज्यांचा जन्म त्या सुमाराचा आहे, त्यांनी साखर आणि रक्तदाब यांची तपासणी पुढे ढकलू नये.

त्याही मागे जावे लागते. हे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवृत्तात येथून भडोचला जाणाऱ्या वस्त्रांचा उल्लेख आहे. गावच्या वस्तुसंग्रहालयात त्या वैभवाची साक्ष आपण सर्वांनी पाहिली आहे. पण वैभवाच्या काळाइतकेच दुष्काळही या पठाराने पाहिले, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीचा दुर्गादेवीचा दुष्काळ तर म्हणीसारखा लोकांच्या तोंडी राहिला. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार शरीरात कितपत उतरते, हे पुणे आणि सिडनी येथील संशोधकांनी उंदरांवर तपासले. सलग ५० पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या उंदरांमध्ये मेद आणि इन्सुलिन अधिक, बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. त्यांच्या पुढील दोन पिढ्यांना भरपूर अन्न दिले, तरी दोष नाहीसा झाला नाही. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मनुष्याच्या ५० पिढ्या म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ. उंदरांवरून माणसांविषयी घाईने अनुमान काढू नये हे खरे, परंतु ‘आता अन्न मुबलक झाले, प्रश्न संपला’ असे मानणाऱ्यांनी या प्रयोगाकडे अवश्य पाहावे.

आता आपल्या समाजाशी अधिक जवळून संबंध असलेल्या मुद्द्याकडे येतो. पुण्याच्या त्या मातांच्या आहाराचे विश्लेषण आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी केले. त्या मातांनी एकूण किती उष्मांक किंवा किती प्रथिने घेतली, याचा बाळाच्या आकाराशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध किती वेळा खाण्यात आले याच्याशी. जी स्त्री पाणी वाहणे, शेतकाम अशी कष्टाची कामे अधिक करीत होती, तिचे बाळ लहान निघाले. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या गर्भवती भगिनींची स्थिती यावरून समजावी. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल.

चातुर्मासात आपल्या अनेक घरांतून पालेभाजी वर्ज्य असते. जीवरक्षेचा तो विचार मला पूज्य आहे. परंतु घरात गर्भवती असेल, तर त्या चार महिन्यांत तिच्या ताटात डाळी, कडधान्ये, फळे आणि दूध यांची भर हवी, आणि ती कोणी घालावयाची याचा विचार घरच्या वडीलधाऱ्यांनी पर्व सुरू होण्यापूर्वी करावा. पुढचा मुद्दा बी-१२ जीवनसत्त्वाचा. सहा खेड्यांतील सुमारे दोन तृतीयांश मातांत ते कमी आढळले. फोलेट मात्र बहुतेकींत पुरेसे होते. बी-१२ वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधापासून मिळते. फोलेट आणि बी-१२ ही जोडीने काम करणारी तत्त्वे आहेत. जात्याची एकच तळी असून दळण होत नाही, तसे एक भरपूर आणि दुसरे अपुरे असले की पेशींतील कामकाज अडते. ज्या मातांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत वयाच्या सहाव्या वर्षी इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भवतीला फोलिक आम्लाच्या गोळ्या देणे आवश्यकच आहे आणि त्या कोणी बंद करू नयेत. त्यांच्या जोडीला बी-१२ कडे लक्ष द्यावे, इतकेच माझे म्हणणे आहे. २०१२ पासून पुण्याच्या संशोधकांनी त्याच खेड्यांतील तरुण मुलामुलींना गर्भधारणेच्या कितीतरी आधीपासून बी-१२ देण्याचा प्रयोग केला. मात्रा रोज अवघी २ मायक्रोग्रॅम. त्यातून जन्मलेल्या बालकांच्या नाळेतील बी-१२ सुधारले.

‘हे औषध आपल्याला चालेल का?’ असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. बी-१२ कारखान्यात सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवण्याच्या क्रियेतून तयार होते. त्यात मांसाचा अंश नसतो. कॅप्सूलचे कवच मात्र बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. म्हणून दुकानदाराकडे गोळी मागावी आणि वेष्टनावरील हिरवी खूण व घटकांची यादी पाहावी. ज्यांनी रसपरित्यागात दूध-दही सोडले आहे, त्यांनी तर रक्तातील बी-१२ वर्षातून एकदा तपासावेच. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे म्हातारपणाची म्हणून सोडून देऊ नयेत.

सूर्यास्तापूर्वी भोजनाच्या आपल्या नियमाविषयीही विचारणा होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांना सहा तासांच्या अवधीत आणि दुपारी तीनपूर्वी जेवण संपवण्यास सांगितले. पाच आठवड्यांत वजन न घटताही इन्सुलिनचे कार्य सुधारले. निष्कर्ष आनंददायक आहे, पण प्रयोगात माणसे आठच होती. तेवढ्यावर विजयाचा ध्वज फडकवू नये. शिवाय सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून पाच वाजता दुप्पट जेवणारी मंडळीही माझ्या परिचयाची आहेत. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही फक्त शेजाऱ्यांसाठी नाही!

येथून मी दुसऱ्या टोकाकडे, अल्पाहाराकडे येतो. स्थूलतेच्या भयाने अन्न टाकणे आणि त्यातून होणारे आहारविकार हे महानगरांचे दुखणे समजले जाते. परंतु मोबाइलच्या पडद्यावरील सडपातळ देह आता तेरच्या मुलीही पाहतात. उपासमारीने मनाचे काय होते, याचा सर्वांत सविस्तर अभ्यास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसल कीज यांनी केला. त्यात स्वेच्छेने सहभागी झालेले ३६ तरुण कोण होते, हे या सभेत मुद्दाम सांगतो. माणसे मारणे आपल्या श्रद्धेला मान्य नाही म्हणून ज्यांनी युद्धात शस्त्र घेण्यास नकार दिला होता, असे ते तरुण होते. उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा कसे सावरावे हे कळावे, म्हणून त्यांनी आपली शरीरे दिली. सहा महिने अर्धपोटी राहिल्यावर त्यांचे वजन सुमारे चौथ्या हिश्श्याने घटले. नाडी मंदावली, सतत थंडी वाजू लागली, शरीराचा विश्रांतीतील व्यय सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. त्याहून बोलके होते ते मन. पूर्वी निरोगी आणि समंजस असलेली ही माणसे दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताटातील घास तासभर चिवडत बसू लागली, चिडचिडी आणि एकाकी झाली. पुन्हा अन्न मिळू लागल्यावर काहीजण पोट फुटेपर्यंत खात आणि तरी तृप्त होत नसत. परतलेल्या वजनात मेद आधी आला, स्नायू मागाहून.

यातून दोन गोष्टी कळतात. डाएटच्या नावाखाली महिनाभर उपाशी राहून वजन उतरवणारे पुन्हा आधीपेक्षा स्थूल का होतात, ही पहिली. स्नायूंचे भांडवल आधीच तोकडे असलेल्या आपल्या कृश-स्थूल देहाला तर हा व्यवहार अधिकच महाग पडतो. आठवड्यातून एकदा घ्यावयाची वजन घटवणारी नवी इंजेक्शने २०२५ मध्ये आपल्या बाजारात आली. ती घेणाऱ्यांनीही प्रथिने आणि व्यायाम यांकडे दुर्लक्ष केल्यास मेदाबरोबर स्नायू गमावतील. दुसरी गोष्ट अशी की, अन्न टाकणाऱ्या मुलीचा हट्टीपणा आणि अन्नाचे वेड यांतील बराच भाग उपासमारीनेच निर्माण केलेला असतो. तिला रागावून तो जात नाही. ज्या आहारविकारात रुग्ण हाडांचा सापळा होईपर्यंत अन्न नाकारतो, त्याच्या सुमारे १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मानसिक आजारांशी तसेच चयापचयाशी निगडित असे दोन्ही प्रकारचे दुवे सापडले. हा विकार म्हणजे श्रीमंतांच्या लेकींचे नखरे नव्हेत.

तप आणि विकार यांतील भेद मी माझ्या परीने असा समजतो. तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपांमध्ये अनशन आणि त्यानंतर अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे, सांगितले आहे. तेथे त्याग असतो तो अन्नावरील आसक्तीचा. विकारात अन्नाची आसक्ती वाढते आणि आरशाची नवी आसक्ती जडते. बाहेरून मात्र दोन्ही सारखेच दिसतात, आणि येथेच घरच्यांची परीक्षा असते. एखादी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पर्व संपल्यावरही उपवास लांबवत असेल, एकटीच जेवत असेल, पाळी बंद झाली असेल, वारंवार वजन करीत असेल, तर तिच्या संयमाचे कौतुक करण्यापूर्वी तिला डॉक्टरांकडे न्यावे. पाळी बंद राहणे म्हणजे हाडे ठिसूळ होऊ लागल्याची सूचना असते.

पारण्याविषयीही बोलणे आवश्यक आहे. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ निराहार राहिलेल्या शरीरात फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम यांचे साठे उतरलेले असतात. अशा वेळी एकदम साखरेचे, पिष्टाचे भरपूर अन्न दिले, तर इन्सुलिन उसळते आणि रक्तातील उरलेसुरले फॉस्फेट पेशींत ओढले जाते. हृदयाची लय बिघडते, श्वास लागतो, क्वचित मृत्यूही ओढवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या युद्धकैद्यांत हे प्रथम ठळकपणे दिसले. म्हणून अठाई किंवा दहा उपवासांच्या पारण्याला आपल्याकडे मुगाचे पाणी, थोडे दूध असा हलका आरंभ करण्याची जी जुनी रीत आहे, ती काटेकोर पाळावी. नातलगांनी आग्रहाने पेढे, श्रीखंड भरवू नये. मिरवणुकीतील उन्हात तपस्व्याला तासन्‌तास बसवू नये. मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उपवास धरू नये, कारण अन्न नसताना औषध चालू राहिले तर साखर धोकादायक इतकी उतरते.

शेवटी एक आग्रहाची मागणी विश्वस्त मंडळाकडे करतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपण आरोग्य शिबिर घेणारच आहात. बहुतेक शिबिरांत साठीच्या पुढची मंडळी रांगेत उभी असतात आणि सुना-लेकी भोजनगृहात पोळ्या लाटीत असतात. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया कृश होत्या, आणि त्याहून काहीशा अधिक स्थूल. दोन्ही प्रश्न एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात असतात. तेव्हा शिबिराचा पहिला दिवस १५ ते २५ वर्षांच्या मुलींसाठी आणि नवविवाहितांसाठी राखून ठेवावा. हिमोग्लोबिन, बी-१२, रक्तदाब, पोटाचा घेर आणि उंची-वजन इतक्याच तपासण्या पुरेत. जाती-धर्माचा भेद न करता गावातील सर्व मुलींना बोलवावे. नोंदवही ट्रस्टच्या कार्यालयात ठेवावी आणि सहा महिन्यांनी त्याच मुलींना पुन्हा बोलवावे. त्या दिवशीच्या पोळ्या पुरुषमंडळींनी लाटाव्यात. त्या नीट गोल होणार नाहीत, याची मला कल्पना आहे.

 अध्यक्षांची अनुमती असेल तर आता प्रश्नांना सुरुवात करू. जय जिनेंद्र.